खोकल्याची बाटली नको, मग द्यायचं काय?

पत्र असं आहे :

«डॉक्टर, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन १४ किलो. जून संपता संपता त्याला नर्सरीत घातलं, तेव्हापासून त्याचं नाक काही कोरडं राहिलं नाही. आतापर्यंत चारदा सर्दी-खोकला झाला, त्यात दोनदा ताप १०३ वर गेला. छिंदवाड्याच्या लेकरांची बातमी वाचली त्याच दिवशी मी घरातल्या होत्या-नव्हत्या सगळ्या बाटल्या फेकून दिल्या होत्या. आता ताप आला तरी औषध द्यायला हात थरथरतो. सासूबाई म्हणतात, याच्या अंगात ताकदच नाही, टॉनिक लावा. शेजारच्या काकू म्हणतात, डॉक्टर बदला, आमचे डॉक्टर पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक देतात. माझ्या दिरांना लहानपणी तापात आकडी यायची, त्यामुळे ताप म्हटला की घरात रात्रभर कोणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. त्यात परवा आशाताई येऊन सिकलसेलची तपासणी करून घ्या, असं सांगून गेल्या. मी खोकल्याने हैराण, आणि त्या रक्ताचं सांगून राहिल्या! नेमकं कोणाचं ऐकू? — एक आई»

ताई,

तुमचा हात का थरथरतो, हे नागपुरातल्या कुठल्याही आईला समजावून सांगावं लागणार नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या परासियाची, छिंदवाड्याची लेकरं उपचारांसाठी आपल्याच शहरात आणली जात होती. साध्या सर्दी-तापासाठी सिरप दिलं, काही दिवसांत लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडं निकामी झाली. वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली बरीच इथल्या इस्पितळांत. तपासणीत त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. औषधात त्याची चालणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. त्या आईबापांचा यात काडीचाही दोष नव्हता. चिठ्ठीवर लिहिलेलं औषध त्यांनी दुकानातून आणून विश्वासाने पाजलं होतं.

म्हणून तुमची भीती उगाचची आहे, असं मी म्हणणार नाही. मात्र त्या भीतीपोटी तुम्ही दोन वेगळी औषधं एकाच माळेत ओवली आहेत. सर्दी-खोकल्याचं मिश्र सिरप वेगळं आणि तापाचं साधं पॅरासिटामॉल वेगळं. पहिलं तुमच्या मुलाला लागतच नाही, तेव्हा ते फेकलंत ते उत्तम केलंत. दुसरं मात्र घरात असायला हवं.

मिश्र सिरपच्या बाटलीवर बारीक अक्षरांत दोन-तीन औषधांची नावं असतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी तर हमखास. या जोडीच्या बाटलीवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कंपन्यांना बजावलं होतं. छिंदवाड्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना साधारणपणे देऊ नयेत. तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सिरप शुद्ध असलं, नावाजलेल्या कंपनीचं असलं, तरीही उत्तर हेच. लहान मुलांची सर्दी किंवा खोकला या औषधांनी लवकर बरा होतो असं दिसून आलेलं नाही. होतं काय, तर मूल पेंगुळतं, किंवा उलट चिडचिडं होतं, छाती धडधडते. पेंगुळलेलं मूल खोकत नाही म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण खोकला हे छातीतला कफ बाहेर टाकायचं शरीराचं साधन आहे. तो दाबून मुलाचं भलं होत नाही.

मग द्यायचं काय? नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, सलाईनचे. झोपण्याआधी आणि जेवणाआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब. रात्रीच्या खोकल्याला झोपताना अर्धा ते एक चमचा मध. एक वर्षाच्या पुढच्या मुलांना मध चालतो आणि खोकला थोडा शमवतोही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. कोमट पाणी, वरणाचं पाणी, हलकासा तुळस-आल्याचा काढा, जे तो आवडीने पिईल ते द्या. केळ, दही, संत्र यांनी सर्दी होत नाही. सर्दी विषाणूने होते, आणि तो विषाणू त्याला नर्सरीत बाजूला बसणाऱ्या मित्राकडून मिळतो.

दोन घरगुती उपायांबद्दल मात्र बजावून सांगते. एक म्हणजे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देणं. पातेलं कलंडून छाती आणि मांड्या भाजलेली मुलं दर हिवाळ्यात इस्पितळात येतात, आणि सर्दीला त्या वाफेचा फारसा फायदाही नाही. दुसरा म्हणजे कापूर. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात, तेलात कापूर घालून छातीला चोळतात. मुलाने तो तोंडात टाकला तर थोडासाही कापूर झटके आणू शकतो. तुमच्या घरात आकडीची एवढी धास्ती असताना कापूर मुलाच्या हाताला लागेल असा कुठेच ठेवू नका, देवघरातलाही वरच्या फळीवर ठेवा.

आता तापाकडे येते, कारण तुमच्या घरातली रात्रीची जागरणं तिथून सुरू होतात.

ताप हा आजार नाही. अंगात शिरलेल्या जंतूशी शरीर लढतं, त्या लढाईचा तो भाग आहे. काखेत थर्मामीटर लावून १०० च्या खाली आकडा असेल आणि मूल खेळत असेल तर औषधाची गरजच नाही. १०१-१०२ असून मूल कुरकुरत असेल, अंग दुखत असेल, पाणी पीत नसेल, तर पॅरासिटामॉल द्या. ते मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. थर्मामीटरचा आकडा ९८ वर आणणं हा त्याचा उद्देश नाही. १०३ वरून १०१ वर आला आणि मुलगा उठून बसला, पेज मागू लागला, तर औषधाने आपलं काम केलं.

डोस वयावर नसतो, वजनावर असतो. एका वेळी एका किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. तुमचा मुलगा १४ किलोचा, म्हणजे एका वेळी १४० ते २१०. सोयीसाठी २०० धरू. आता बाटली बघा. पॅरासिटामॉलची सिरपं वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असेल तर ८ मिलिलिटर द्यावं लागेल. ५ मिलिलिटरमध्ये २५० असेल तर ४ मिलिलिटर पुरे. आणि तान्ह्या बाळांचे थेंब असतात, त्यात १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे फक्त २ मिलिलिटर. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ या हिशेबाने बाटली बदलली की डोस निम्मा होतो किंवा दुप्पट होतो. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्या आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही बाटल्या चालू असल्या की कोणाच्या लक्षात न येता डोस दुप्पट होतो. यकृताला ते झेपत नाही.

बाटली परवाना असलेल्या दुकानातून, पावतीसह घ्या. सील, बॅच नंबर आणि मुदत बघा. मूल पूर्ण बरं होईपर्यंत बाटली आणि पावती दोन्ही जपून ठेवा. कुठलंही औषध सुरू असताना मुलाला उलट्या होऊ लागल्या आणि सात-आठ तासांत लघवीच झाली नाही, तर पुढचा डोस थांबवा आणि बाटली हातात घेऊनच इस्पितळ गाठा. मनातली सिरपची धास्ती तरीही जात नसेल तर पाण्यात विरघळणारी लहान मुलांची गोळी मिळते का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. वजनाचा हिशेब तोच राहील.

आइबुप्रोफेन किंवा मेफेनामिक अॅसिड, म्हणजे ‘ताप झटक्यात उतरवणारी’ औषधं, पावसाळ्यात आपल्या मनाने देऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अॅस्पिरिन तर मुलांच्या तापात अजिबात नाही. बर्फाच्या पट्ट्या किंवा गार पाण्याने अंघोळ नको. मूल कुडकुडतं आणि आतला ताप उलट चढतो. पातळ सुती कपडे घाला, पंखा चालू ठेवा, हवं तर कोमट पाण्याने अंग पुसा. ताप आला म्हणून गोधडीत गुंडाळून ठेवणं आजच थांबवा, सासूबाईंनाही हे प्रेमाने सांगा.

आकडी. तुमच्या दिरांना यायची, म्हणजे मुलालाही येण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, हे खरं. तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते आणि शंभरातल्या दोन ते पाच मुलांना एकदा तरी येते. पाहणाऱ्याचा जीव जातो, पण ती थोडक्यात थांबली तर मेंदूला इजा करत नाही आणि मुलाची बुद्धीही कमी करत नाही. तुमचे दीर आज कसे आहेत, हे तुमच्याच घरात दिसतंय. वेळेवर पॅरासिटामॉल दिलं तर आकडी टळते, असंही नाही. त्यामुळे आकडी आलीच तर ‘मी औषध उशिरा दिलं’ म्हणून स्वतःला दोष देऊ नका, आणि तिच्या धास्तीने रात्रभर दर तासाला थर्मामीटरही लावू नका.

आली तर काय करायचं, हे मात्र घरातल्या सगळ्यांना, सासूबाईंनाही, आत्ताच सांगून ठेवा. मुलाला सतरंजीवर कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल. गळ्याजवळची बटणं सोडा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झाली, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या कुठल्याही इस्पितळात न्या. ‘आमचे नेहमीचे डॉक्टर’ शोधत बसू नका. थांबली तरीही त्याच दिवशी दाखवा, कारण पहिल्या आकडीच्या वेळी मेंदूज्वर नाही ना, याची खात्री डॉक्टरांनी करायची असते.

आता शेजारच्या काकूंचं अँटिबायोटिक. सर्दी विषाणूची असते आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर चालत नाही. मग त्यांची मुलं दोन दिवसांत खेळायला कशी लागतात? कारण सर्दीचा ताप बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआपच उतरतो. औषध पहिल्या दिवशी सुरू केलं तर श्रेय औषधाला जातं. तुमचे डॉक्टर पहिल्या दिवशी अँटिबायोटिक न देता ‘दोन दिवस बघू’ म्हणत असतील, तर ते चांगले डॉक्टर आहेत. बदलू नका. कानात ठणका लागून कानातून पू येणं, न्यूमोनिया, टायफॉइड अशा आजारांत अँटिबायोटिक लागतं, तेव्हा ते पूर्ण मुदतीचं द्या. मागच्या वेळची उरलेली पावडर पाण्यात कालवून कधीही देऊ नका. कालवलेलं औषध काही दिवसांतच बाद होतं.

आणि चारदा सर्दी झाली म्हणजे ताकद कमी, असं नाही. नर्सरीच्या पहिल्या वर्षात मुलाला सहा ते आठ, कधी दहा वेळाही सर्दी होते. प्रत्येक सर्दीचा खोकला दोन-दोन, तीन-तीन आठवडे रेंगाळतो. हिशेब मांडा: एक खोकला संपायच्या आत दुसरी सर्दी येते, म्हणून सगळा पावसाळा मूल खोकतच होतं असं वाटतं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात आणि त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. वर्गाच्या खिडक्या बंद होतात आणि मुलं एकमेकांना चिकटून बसतात. पुढच्या वर्षी हे कमी होईल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी.

प्रतिकारशक्ती खरोखर कमी असलेल्या मुलाचं चित्र वेगळं असतं. वर्षात दोनदा न्यूमोनियाने भरती करावं लागतं, कान सारखा वाहतो, अंगावर खोल गळवं येतात, जुलाब महिनामहिना थांबत नाहीत आणि वजन वाढायचं थांबतं. तुमच्या मुलात यातलं काही आहे असं पत्रातून दिसत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला १४ किलो वजन ठीक आहे. टॉनिकच्या बाटलीत मुख्यतः साखर असते. तेवढे पैसे अंडी, शेंगदाणे, मूग, तूप आणि फळांवर खर्च करा. दिवसभरात दूध मात्र अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको, पोट दुधाने भरलं की पोळी-भाजी खाल्ली जात नाही आणि रक्तातलं लोह घटतं.

एक गोष्ट मात्र तपासा. खोकला रात्री, पहाटे, किंवा खूप हसल्या-धावल्यावर वाढतो का? छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का? घरात कोणाला दमा, अॅलर्जी, सारखी त्वचेची खाज आहे का? असेल तर तो बालदमा असू शकतो. मग डॉक्टर इन्हेलर सांगतील. त्याला घाबरू नका. इन्हेलरची सवय लागते, हा गैरसमज आहे. त्यातलं औषध अगदी थोडं असतं आणि थेट फुप्फुसात जातं. असा खोकला असो वा नसो, मुलाच्या खोलीत मच्छर कॉइल आणि धूप जाळू नका, आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तीही बंद.

आता मी तुम्हाला जे शिकवणार आहे, ते या सगळ्या औषधांपेक्षा मोलाचं आहे. मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, शर्ट वर करून छाती-पोटाकडे बघा. एक वर-खाली म्हणजे एक श्वास. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. ताप चढलेला असताना श्वास तसाही वेगाने चालतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात हा आकडा ५०, त्याहून लहान बाळात ६०. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले हे आकडे आहेत, आणि गावोगावच्या आरोग्यसेविका यांच्याच आधारे मुलं ओळखतात. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जात असेल, तर मोजतही बसू नका, निघा. ओठ निळसर दिसले, मूल बोलता बोलता धापा टाकू लागलं, पाणी पिणंच थांबलं, हाक मारली तरी डोळे उघडेना, तरीही तसंच. रात्री दोन वाजता असं झालं तर मेडिकल आणि मेयो या आपल्या सरकारी इस्पितळांची आकस्मिक सेवा चोवीस तास उघडी असते. सकाळपर्यंत थांबू नका.

याउलट, मूल १०३ तापातही डोस दिल्यावर उठून गाडी खेळत असेल, तुमच्याकडे बघून हसत असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल, तर आकडा कितीही मोठा असो, तुम्हाला रात्रभर बसायची गरज नाही. थर्मामीटर पाहून ठरवू नका, मुलाला पाहून ठरवा.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल आपल्या नागपुरासाठी थोडं वेगळं. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला की डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करा. डेंग्यूत फसवणूक अशी होते की चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास घेतात, आणि धोका खरा तिथूनच सुरू होतो. ताप उतरल्यावर मूल आणखी मलूल झालं, पोटात जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, तर लगेच इस्पितळ. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून वेळ घालवू नका.

आपल्या घराघरात खिडकीला कूलर असतो. मे महिन्यात ४५ अंशांत त्याच्याशिवाय झोप लागत नाही, मान्य आहे. पण जुलैत तो तसाच लटकलेला असतो आणि टाकीत पाणी साचलेलं. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या काठाला, टाकीच्या भिंतीला चिकटवतो, म्हणून नुसतं पाणी ओतून दिलं तरी भागत नाही, आतून घासावं लागतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. अंड्यातून डास तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. हा डास दिवसा चावतो, तेव्हा नर्सरीत पाठवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायमोजे घाला.

आणि स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास याचे बरेच रुग्ण सापडले, काही दगावलेही. झुडपांतल्या, गवतातल्या बारीक किड्याच्या, म्हणजे चिगरच्या, चावण्याने होतो. पाच दिवसांचा ताप, उतरायचं नाव नाही, डेंग्यू-मलेरियाचे रिपोर्ट निगेटिव्ह, अशा वेळी मुलाला अंघोळीआधी उजेडात उभं करून काखा, जांघा, कानामागे, कमरेच्या नाडीखाली नीट बघा. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर औषध स्वस्त आणि परिणामकारक आहे, फक्त आजार ओळखता आला पाहिजे. ही खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मूल सांगत नाही. ती तुम्हालाच शोधावी लागते.

पावसाळ्यात जुलाब झाले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस, मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एवढंच लक्षात ठेवा. प्रत्येक पातळ शौचानंतर तुमच्या मुलाला अर्धा ते एक कप, घोट-घोट. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक. दुकानात मिळणारी गोड टेट्रापॅकची पेयं ओआरएस नव्हेत. त्यांच्यावर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी आठ वर्षं लढा दिला. जास्त साखरेने जुलाब वाढतात, म्हणून ही मनाई महत्त्वाची.

आता आशाताई. नेमकं कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर: आशाताईंचं ऐका.

सिकलसेल हा विदर्भातला रक्ताचा जुना आजार आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच निबंध आला होता. हा आजार आईबापांकडून मुलात येतो. दोघांकडून एक-एक सदोष जनुक आला तर मुलाला आजार होतो, एकाकडूनच आला तर मूल फक्त वाहक असतं, आणि वाहक मूल इतरांसारखंच खेळतं-वाढतं. दोघं आईबाप वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना कधी काही त्रास झाला नाही म्हणून तुम्ही वाहक नाही, असं गृहीत धरू नका. कोणत्याही जातीजमातीत तो सापडतो, तेव्हा ‘आमच्यात नसतं’ म्हणून टाळू नका. तपासणी लपवण्यासारखी नाही आणि तिने मुलावर शिक्काही बसत नाही.

आणि याचा तुमच्या खोकल्याच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. सिकलसेलच्या आजारात मुलाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच काम करेनाशी होते, आणि काही जिवाणूंशी लढायचं काम तीच करत असते. म्हणून अशा मुलाचा ताप घरी थांबवायचा नसतो, त्याच दिवशी इस्पितळ. वर मी तुम्हाला ‘१०३ असला तरी मुलाला बघून ठरवा’ म्हणाले, ते सिकलसेलच्या मुलाला लागू नाही. मुलाला हा आजार आहे की नाही, हे ठाऊक असल्याशिवाय माझा निम्मा सल्ला लंगडा आहे. सारखा फिकेपणा, डोळे पिवळे होणं, हाता-पायाची बोटं सुजून दुखणं, हाडं दुखतात म्हणून रात्री रडणं, या खुणा असतील तर आणखीच घाई करा. आजार निघालाच, तरी लहानपणीच कळला तर पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस, फॉलिक अॅसिड आणि लागल्यास हायड्रॉक्सीयुरिया, यांनी मुलं पुष्कळ बरी राहतात.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली, आणि आशाताई तुमच्या दारात आल्या त्या याच कामासाठी. पहिली चाचणी बोटातून थेंबभर रक्ताची, सॉल्युबिलिटीची. ती पॉझिटिव्ह आली तर एवढ्यावर घाबरून जाऊ नका, कारण तिच्यातून वाहक आणि आजारी यांत फरक कळत नाही. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी तो फरक सांगते. सरकारी केंद्रात हे विनामूल्य होतं. मुलासोबत तुम्ही दोघांनीही करून घ्या. त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघायला सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना पंडुरोग आढळला होता. तो निघाला तर लोहाचं सिरप लागेल, आणि ते टॉनिकमध्ये मोडत नाही, ते औषध आहे. सासूबाईंची इच्छाही अशी योग्य जागी पूर्ण होईल.

लसीकरणाचं कार्ड काढून ठेवा. पाच वर्षांचा होण्याआधीचे डोस राहिलेत का, ते बघा. फ्लूची लस दर वर्षी पावसाळ्याआधी घेता येते, ती सरकारी वेळापत्रकात नाही, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. कार्ड, सिकलसेलचा रिपोर्ट, वजनाचे आकडे आणि आजच्या हिशेबाने पॅरासिटामॉलचा डोस, हे सगळं एका फाइलमध्ये घालून स्वयंपाकघरात लटकवा, म्हणजे तुम्ही ऑफिसात असताना ताप आला तर सासूबाईंना फोन करून विचारत बसावं लागणार नाही. वजन वाढलं की डोस बदलून लिहा. आणि तपासणीचा रिपोर्ट आला की तो घेऊन तुमच्याच डॉक्टरांकडे जा. त्यात काही अडलं तर मला पुन्हा लिहा.